सात फुटी छत्री आणि भाजलेली पावलं

गेल्या ऑक्टोबरात समुद्रकिनाऱ्यावर रोवायची मोठी छत्री ऑनलाइन मागवली. १,८५० रुपये. ऑक्टोबर ते मे असा अख्खा हंगाम वापरून मगच लिहायला बसलेय. खोकं फोडल्या फोडल्या पाच तारे ठोकून मोकळं व्हायची मला सवय नाही. कंपनीचं नाव देत नाही. एक तर तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे याच निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, याच ठेवणीच्या छत्र्या निरनिराळ्या नावांनी विकल्या जातात. माझं लिहिणं त्या सगळ्यांना लागू पडेल.

आम्ही गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. समुद्र घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं, पण खरं सांगायचं तर आमच्यासारखी माणसं किनाऱ्यावर जातात ती पाहुणे आले की. यंदा कोल्हापूरची नणंद आणि तिचं बिऱ्हाड येणार, म्हणून ही छत्रीची हौस.

आधी चांगलं सांगते. सात फूट घेर, आठ काड्या, आतून चंदेरी लेप, दांडा दोन तुकड्यांत. खालच्या टोकाला मळसूत्रासारखं प्लॅस्टिक, ते वाळूत फिरवत फिरवत घालायचं. कापडावर ‘यूपीएफ ५०+’ छापलेलं, म्हणजे या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा किंवा त्याहून कमी पलीकडे जाणार. ते खोटं नसावं. अंगणात उघडून खालून सूर्याकडे पाहिलं तर ठिपकासुद्धा दिसला नाही. शेजारणीच्या जुन्या छत्रीतून सूर्याचा वाटोळा गोळा स्वच्छ दिसतो. छत्री विकत घेताना ही परीक्षा दुकानातल्या दिव्याखालीही करता येते.

आता २७ जानेवारी. आदल्या दिवशी झेंडावंदन, दुसऱ्या दिवशी मांद्र्याचा किनारा. साडेदहाला छत्री रोवली, चटई अंथरली, डबे काढले. वारा गार होता, अंगाला घाम नाही. कुणाच्या मनातही ऊन लागेल असं आलं नाही. मुलं पाण्यात, बाकी आम्ही छत्रीखाली, दोन वाजता निघालो. मध्ये मी फक्त एकदा उठले, तेही भाच्याला हाक मारायला.

रात्री आंघोळीला पाणी अंगावर घेतलं आणि किंचाळले. दोन्ही पावलांचा वरचा भाग, चपलेच्या पट्ट्याची जागा सोडून, भाजून निघाला होता. ह्यांच्या पोटऱ्या आणि टक्कल. वन्संचं नाक आणि गळ्याखालचा त्रिकोण. सगळ्यांत वाईट हाल भाच्याचे: चौदा वर्षांचा पोरगा पांढरं बनियन घालून तीन तास पाण्यात होता, त्याला रात्री पाठ टेकता येईना. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून दुपारी कुणाला पत्ता लागला नाही. हात लावला तर कातडी तव्यासारखी गरम, ताणलेली. चौथ्या दिवशी सालपटं निघायला लागली. काळेपणा होळीपर्यंत टिकला.

ज्यांना काहीही झालं नाही अशा एकच होत्या. आमच्या सासूबाई. वय ७८, नऊवारी, पदर डोक्यावरून घेऊन कानांमागे खोचलेला, पाय पोटाशी. त्यांनी तर छत्रीखाली बसायलाही नकार दिला होता. त्या चटईच्या कडेला आपली जुनी काळी छत्री उघडून बसल्या होत्या. रात्री सगळे कण्हत असताना म्हणाल्या, “एवढी मोठी सत्री हाडलीस गे, आणि भाजलंस ते भाजलंसच.”

त्यांचं बोलणं लागलं म्हणा, पण मी शोध घ्यायला लागले की नेमकं चुकलं कुठे. छत्रीच्या कापडातून किरण येत नाहीत, मग आले कुठून?

पहिली गोष्ट मी भूगोल शिकवत असूनही विसरले होते. जानेवारीत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. आमचं गाव साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला. २७ जानेवारीला भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर नसतो, क्षितिजापासून ५६ अंशांवर असतो. सहा फूट उंच छत्रीची सावली त्यामुळे दांड्यापासून चार फूट उत्तरेला पडते. छत्रीचा घेर सात फूट, म्हणजे मधल्या दांड्यापासून साडेतीन फूट. हिशेब करा: दांड्याचं बूड स्वतःच उन्हात! आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे दांड्याला टेकून बसलेलो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी टेप घेऊन गेले आणि मोजलं, ह्यांनी तोंड लपवलं. त्यात सावली जागेवरही थांबत नाही. दुपारच्या सुमाराला तासाला पावणेदोन फूट तरी सरकते. माणूस सरकत नाही, गप्पांत रंगलेला असतो.

यावर उपाय म्हणून छत्रीला मान वाकवायची सोय दिलेली असते. आम्हीही वाकवली होती. पण कुठल्या बाजूला? समुद्र नीट दिसावा अशी! गोव्याचे किनारे पश्चिमेकडे तोंड करून. सकाळी ऊन पाठीमागून येतं, दुपारी डावीकडून म्हणजे दक्षिणेकडून, आणि चारनंतर थेट समुद्रावरून, छत्रीच्या खालून. चेहरा समुद्राकडे करून बसलं की संध्याकाळी छत्री निव्वळ शोभेची.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. अतिनील किरण एका बाजूने, बाणासारखे येत नाहीत. हवाच त्यांना विखुरते, त्यामुळे निळ्या आकाशाच्या प्रत्येक तुकड्यातून ते थोडे थोडे उतरत असतात. सूर्य झाकला तरी चारी बाजूंचं आकाश उघडंच. शिवाय कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास किरण परतवते, समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर पृष्ठभागाच्या ४० टक्के किरण पोचतात, तेव्हा “तो पाण्यात आहे, त्याला काय ऊन लागतंय” हे वन्संचं वाक्य बाद. आणि गार वारा? उष्णता जाणवते ती वेगळ्या किरणांची. अतिनील किरण जाणवतच नाहीत. जानेवारीत गोव्यात घाम येत नाही, पण फोनवर हवामान बघितलं तर दुपारचा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा निर्देशांक ९ दाखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ३ पासून काळजी घ्यायची, ८ म्हणजे फार जास्त, ११ आणि त्याच्या वर टोकाचा. मार्च ते मे आमच्याकडे दुपारी ११-१२ रोजचेच.

मी एकटीच मूर्ख नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. २०१७ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. टेक्सासमधल्या एका तळ्याच्या काठी ८१ माणसं दुपारी साडेतीन तास बसवली. निम्मी फक्त छत्रीखाली, निम्मी फक्त एसपीएफ १०० चं सनस्क्रीन क्रीम लावून. छत्रीवाल्यांपैकी ७८ टक्के कुठे ना कुठे भाजले, क्रीमवाल्यांपैकी २५ टक्के. प्रयोगात क्रीम बनवणाऱ्या कंपनीचा हात होता, तेव्हा त्यांचा आनंद समजू शकतो. पण त्यांच्याही चारांतला एक भाजलाच की.

म्हणजे छत्रीच्या भरवशावर बसणं चुकलं. मग क्रीम आणलं. म्हापशाच्या औषधाच्या दुकानातून ५० ग्रॅमची ट्यूब, एसपीएफ ५०, पीए पुढे चार अधिक चिन्हं. एसपीएफ भाजण्याबद्दल सांगतं. पीए हे काळवंडणं, सुरकुत्या यांना कारण होणाऱ्या यूव्हीए किरणांबद्दल. आपल्याकडे वांग असलेल्या बायकांनी पीएची ही चिन्हं आधी बघावीत. मला स्वतःला गालांवर वांग आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी किंचित रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं क्रीम सुचवलं, कारण वांगाला दिसणारा प्रकाशही पुरतो. ते महाग निघालं, पण चेहऱ्यापुरतंच लागतं.

पहिल्या ट्यूबमध्ये झिंक ऑक्साइड होतं. ह्यांनी ते टकलाला, नाकाला, गालांना लावलं आणि आरशात बघून म्हणाले, “दशावताराला रंगवून बसलेला राजा झालोय, आता फक्त तलवार दे.” आमच्या भागात ही उपमा कुणालाही कळते. पांढरेपणा दहा मिनिटांनी थोडा उतरतो, पूर्ण जात नाही. त्यांनी तरी लावलं, याचं श्रेय पोटऱ्यांच्या सालपटांना.

खरा धक्का प्रमाणाचा. आकडे ज्या थराने मोजतात तो थर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला साधारण ३० मिली. एका वेळेला. दोन तासांनी परत, पोहून आल्यावर परत. ५० ग्रॅमची ट्यूब एका माणसाच्या दोन लेपांनाही पुरत नाही! आम्ही सहा जणांनी ती तीन रविवार पुरवली होती. आता समजा आम्ही किती लावत होतो ते. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं घेऊन चेहरा उरकतो आपण. चेहरा-मान मिळून दोन बोटं भरून, टोकापासून मुळापर्यंत, अशी रेघ घ्यावी लागते. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८, हा एका टक्क्याचा फरक ऐकून मी आधी ३० कडे वळणार होते. पण सगळेच कमी लावतात, म्हणून मोठा आकडा हाताशी असलेला बरा. ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आमची एकदा केरीला तशी राहिली. संध्याकाळी झाकण उघडलं तर आधी पिवळट पाणी आणि मग दाण्यादाण्यांची खळ बाहेर आली. ४४० रुपये वाळूत.

तर मग ३० मिलीचा हिशेब परवडेना, आणि सासूबाईंची नऊवारी डोक्यातून जाईना. अंगच झाकलं तर? मुलाला आणि भाच्याला पोहायचे पूर्ण बाह्यांचे शर्ट घेतले, गडद निळे, प्रत्येकी ६९०. यूपीएफ ५० ची चिठ्ठी शिवलेली. साध्या पांढऱ्या सुती बनियनचा हाच आकडा जेमतेम ५ ते ७, आणि भिजलं की आणखी खाली. भाच्याची पाठ त्यामुळेच गेली. मुलाने कुरकुर केली, “मित्र हसतील.” हसले. मे महिन्यात त्यातल्या दोघांच्या अंगावर तसाच शर्ट होता.

मी स्वतः सैल सुती पायजमा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि पावलांवर जुनी ओढणी. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली, कारण पुढेच झाप असलेल्या टोपीत कान आणि मान उघडी पडतात. आता क्रीम लागतं ते चेहरा, कान, मान, हातांची पाठ आणि पावलं एवढ्यांनाच. ट्यूब चार रविवार जाते, आणि यावेळी खरोखर पुरेसं लावून.

फेब्रुवारीअखेरीस एका सकाळी पावणेसातला मांद्र्याला गेलो तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. पंधरा-वीस माणसं, दोन रांगा, दोर खांद्यावर. बहुतेकांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट, कुणाचा तर शाळेच्या गणवेशाचा रंग होता. डोक्याला ओला पंचा, त्याचं एक टोक मानेवर सोडलेलं. उघडं अंग फक्त दोन पोरांचं. जाळ्यात बांगडे थोडे आणि पेडवे जास्त आले. मी छत्री रोवत होते, तर रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दोर न सोडता विचारलं, “बाये, सत्री कित्याक? सुरुंच्या सावळेंत बस गे.” आयुष्य वाळूवर काढलेल्या माणसाने छत्रीचं परीक्षण एका वाक्यात केलं.

सुरूंसाठी मग केरी. तेरेखोलच्या फेरीच्या अलीकडे किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. सुरूची सावली विरळ, आंब्या-फणसासारखी गच्च नाही, पण बनात बसलं की आजूबाजूचं आकाशच झाकलं जातं. छत्रीत हीच तर उणीव. तिथे पोहायच्या आधी मात्र पाटी वाचा, ओढ आहे. आम्ही पोरांना गुडघ्यापर्यंतच सोडतो.

आणि वेळ. आपली घड्याळं प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर चालतात, सूर्य आमच्याकडे पस्तीसेक मिनिटं उशिरा येतो. जानेवारी-फेब्रुवारीत गोव्यात खरी दुपार पावणेएकला. बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल असं धरून चालाल तर फसाल, अजून चढायचंय. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उठायचं, हा नियम मी शाळेतल्या पोरांनाही दिलाय, त्यांना मोजायला आवडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात तर दुपारी सावली पायाखालीच जाते. आमचं वेळापत्रक आता पावणेसात ते नऊ, नाहीतर साडेचारनंतर.

सासूबाईंचं म्हणणं, कोवळ्या उन्हात बसलं की हाडांना बरं. बसावं, मन प्रसन्न होतं. पण ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं ते अगदी सकाळच्या उन्हात जवळजवळ नसतात. त्यांची ६०,००० युनिटांची पुडी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालूच आहे, आणि ओट्यावरचं कोवळं ऊनही.

भाजल्यावर काय केलं तेही सांगते, कारण निम्म्या चुका तिथे झाल्या. वन्संनी भाच्याच्या पाठीला खोबरेल तेल चोपडलं. ताज्या भाजलेल्यावर तेल-तूप नको, आतली आग आतच राहते. बर्फही नको. साध्या गार पाण्याच्या घड्या, मग बिनवासाचं साधं लोशन, भरपूर पाणी, कोकमचं सरबत. फोड आले असते किंवा ताप चढला असता तर डॉक्टरांकडे नेणारच होतो. फोड फोडायचे नाहीत.

एक आडवाट. एप्रिलात काजूच्या बागेत हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूचा, बेत होता. चुलत दिरांनी सगळ्यांसाठी लिंबं पिळली, तीही भर उन्हात, आणि हात पुसले विजारीला. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर ओघळ गेल्यासारखे तपकिरी पट्टे. लोकांनी काजूच्या डिंकावर, मग हुर्राकावर खापर फोडलं. दोष लिंबाचा होता. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं की असे चट्टे उठतात, आणि आठवडेच्या आठवडे राहतात. किनाऱ्यावर लिंबू-सोडा करणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत.

आता छत्रीकडे परत. मार्चमध्ये दुपारचा वारा सुटला आणि मान वाकवायच्या सांध्यातली प्लॅस्टिकची खीळ मोडली. छत्री गडगडत पन्नास पावलं गेली. सुदैवाने वाटेत कुणी नव्हतं. टोकदार दांडा घेऊन उडणारी सात फुटी छत्री ही चेष्टा नव्हे. कंपनीला तीनदा लिहिलं. पहिलं उत्तर “फोटो पाठवा”, दुसरं “पावती पाठवा”, तिसरं आलंच नाही. मळसूत्र पोकळ वाळूत धरत नाही, म्हणून मी जुन्या पडद्याच्या चार पिशव्या शिवल्या, त्यांत तिथलीच वाळू भरायची आणि दांड्याला बांधायच्या. ही सोय कंपनीने सोबत द्यायला हवी होती, शिलाईचे शंभर रुपये जास्त घेतले असते तरी चाललं असतं.

बसायची जागा म्हणून साडेतीन तारे. उन्हापासून बचाव म्हणून दोन, तेही कापड प्रामाणिक आहे म्हणून. तेवढ्याच पैशांत दोन पोहायचे शर्ट आणि एक ट्यूब येते. आधी ते घ्या, उरले तर छत्री.

सध्या ती अंगणात आहे. मे लागल्यापासून सासूबाईंची कोकमाची सोलं वाळत घातलीत, आणि त्या राखणीला खुर्ची टाकून बसतात. मोडका सांधा सुतळीने दक्षिण-उत्तर असा कायमचा बांधून टाकलाय. मी म्हटलं, आता सूर्य बरोबर डोक्यावर आहे, सरळ बांधू का? तर म्हणाल्या, नको, कावळ्यांना अशीच भीती वाटते. तरी ती पंचवीस मिलिमीटर दांड्याची खीळ कुणाला म्हापशात किंवा पेडण्यात सुटी मिळाली असेल तर कळवा.